नाव लागू नये म्हणून

आयुष्याची चौतीस वर्षं मी लोकांची नावं कागदावर आहेत की नाहीत हे बघण्यात घालवली. तालुक्याच्या गावी वकिली, त्यातही कोर्टात उभं राहण्यापेक्षा टायटल सर्चची कामं जास्त. तीस वर्षांचे उतारे काढायचे, फेरफार वाचायचे, इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांची सूची, चाळायचा आणि शेवटी दोन पानी दाखला द्यायचा, की सदर मिळकत निर्वेध आहे. माझ्या टेबलासमोर बसलेला जवळजवळ प्रत्येक माणूस एकाच कामासाठी यायचा: नाव लावायचंय. कुळाला मालक व्हायचं असायचं, पुतण्याला सहहिस्सेदार, जावयाला कुलमुखत्यार. नाव कमी करून द्यायला येणारेही असत, पण ते भावांनी हाताला धरून आणलेले.

मुलगी बोलोन्याला शिकायला गेली म्हणून आम्ही दोघं इटलीला गेलो, आणि तिच्याच आग्रहानं असिसीला. असिसी डोंगराच्या उतारावर आहे, पण गाडी थांबते ती खाली सपाटीवर. तिथं सांता मारिया देल्यी आंजेली नावाचं प्रचंड चर्च आहे. आत शिरलं की बरोबर घुमटाखाली आणखी एक देऊळ दिसतं, दगडी, ओबडधोबड, आमच्या गावच्या मारुतीच्या गाभाऱ्याहून थोडंसंच मोठं. मोठं चर्च सोळाव्या-सतराव्या शतकात या छोट्याच्या अंगावर पांघरूण घातल्यासारखं बांधलेलं. या छोट्याचं नाव पोर्झिउन्कोला, म्हणजे ‘जमिनीचा लहानसा तुकडा’. गट नंबर नसला तरी नाव मात्र थेट तलाठी दप्तरातलं.

मुलगी सांगत होती. हा तुकडा डोंगरावरच्या बेनेडिक्टाइन मठाचा. मठाधिपतींनी तो असिसीच्या संत फ्रान्सिसला, गरिबीचं व्रत घेतलेल्या माणसाला, आणि त्याच्या सोबत्यांना राहायला दिला. मोबदला काही नको म्हणाले. पण फ्रान्सिस दरवर्षी न चुकता टोपलीभर बारीक मासे मठात पाठवायचा. आणि मासे पोचले की मठाकडून तेलानं भरलेलं भांडं उलट यायचं.

“किती गोड,” आमची ही म्हणाली.

मी म्हटलं, “गोड कसलं, हा खंड आहे, कुळानं मालकाला भरायचा.”

आमच्याकडे कूळ कायदा आला तेव्हा जमीनमालक कुळाला खंडाची पावती देत नसत, कारण पावती हाती पडली की कूळ सिद्ध झालं, आणि १ एप्रिल १९५७ नंतर कूळ म्हणजे मालकच. अशा एकेका पावतीसाठी लोकांनी पत्र्याच्या ट्रंका उपसलेल्या मी पाहिल्यात. इथं उलटा प्रकार. मालक म्हणतोय, असू दे तुलाच. आणि कूळ दरवर्षी खंड भरतंय, का, तर जागा आपली आहे असं चुकूनही कुणाला वाटू नये. तेलाचं भांडं ही त्याची पावती. चौतीस वर्षांत असा अशील मला भेटला नव्हता. तिथंच मी ही केस वाचायला घेतली, आणि घरी परतल्यावर दोन पावसाळे तिच्यातच गेले.

सुरुवातच कोर्टातून होते. फ्रान्सिस हा पिएत्रो दि बेर्नार्दोने या कापडाच्या व्यापाऱ्याचा मुलगा, जन्म ११८१ किंवा ८२ चा. दुकान चालतं, पोरगा उधळा, गाणीबजावणी, मित्रांना जेवणं. पेरुजाशी झालेल्या लढाईत पकडला जाऊन वर्षभर कैदेत राहिला, आजारी पडला, परतला तो बदलून. एकदा बापाच्या दुकानातलं भारी कापड घोड्यावर लादून त्यानं फोलिन्योच्या बाजारात विकलं, घोडाही विकला, आणि पैसे सान दामियानोच्या पडक्या देवळाच्या डागडुजीसाठी पुजाऱ्यापुढे ठेवले. पुजारी शहाणा. त्यानं हात लावला नाही. मग पोरानं पिशवी खिडकीच्या कोनाड्यात भिरकावली.

चरित्रकार सगळे मुलाच्या बाजूनं लिहितात आणि बापाला खलनायक करतात. माझी सहानुभूती बापाकडे आहे, आधीच सांगून टाकतो. माल त्याचा, घोडा त्याचा, विक्रीचा अधिकार दिलेला नव्हता. त्यानं नगराच्या अधिकाऱ्यांकडे तक्रार केली ती रीतसरच होती. मुलानं तिथं जे केलं ते कुठल्याही वकिलाला आवडेल: त्यानं कार्यक्षेत्राचा मुद्दा काढला. मी आता देवाचा सेवक, तुमच्या कोर्टाचा माझ्यावर अधिकार चालत नाही. म्हणून प्रकरण बिशपकडे गेलं. बिशप ग्वीदो म्हणाले, पैसे परत कर. फ्रान्सिसनं पैसे ठेवले, मग अंगावरचे कपडे उतरवले, त्यांची घडी पैशांशेजारी ठेवली आणि सगळ्यांदेखत सांगितलं, की आजवर मी पिएत्रोला बाप म्हणत आलो, यापुढे माझा बाप स्वर्गातला. बिशपनी आपला झगा त्याच्याभोवती धरला. साल १२०६.

हक्कसोडपत्र मी शेकड्यांनी केलीत. त्यात एक ठरलेलं वाक्य असतं: ‘सदर मिळकतीवर माझा अगर माझ्या वारसांचा कोणताही हक्क, हितसंबंध राहिलेला नाही.’ ते लिहिताना आपण अंगावरच्या कपड्यांचा विचार करत नाही. या माणसानं केला.

यात नवीन काय होतं, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. ख्रिस्ती मठ तर आधीपासून होते, आणि मठातला साधू स्वतःच्या नावावर काही ठेवत नसेच. खरं आहे. पण मठाच्या नावावर असे. शेतं, गिरण्या, द्राक्षमळे, कुळं, गावंच्या गावं. आपल्या देवस्थान इनामासारखं: पुजाऱ्याची म्हणाल तर एक फूट नाही, देवाची म्हणाल तर तीनशे एकर. साधू गरीब आणि मठ गब्बर, यात कुणाला विसंगती वाटत नव्हती. फ्रान्सिसनं ही पळवाटच बुजवली. माझ्या नावावर नाही, आणि आमच्या नावावरही नाही. त्यानं जमवलेल्या बंधूंच्या संघालाच मालमत्ता नको. मग खायचं काय? हातानं काम करायचं, मजुरी म्हणून भाकरी घ्यायची, पैसा घ्यायचा नाही. मजुरी नाही मिळाली तर दारोदार मागायचं.

तसं बोलणारा तो पहिला नव्हता. ल्योंच्या वाल्डो नावाच्या व्यापाऱ्यानं ११७० च्या दशकात सगळं वाटून टाकलं होतं, पण त्याच्या माणसांनी परवानगीवाचून प्रवचनं केली आणि ११८४ मध्ये सगळे बहिष्कृत झाले. फ्रान्सिस १२०९ च्या सुमारास आपले अकरा जण घेऊन सरळ रोमला गेला आणि पोप तिसऱ्या इनोसंटकडून तोंडी होकार घेऊन आला. त्याच काळात दक्षिण फ्रान्समध्ये डॉमिनिक हा स्पेनचा पाद्री पाखंड्यांशी वाद घालत हिंडत होता. पोपचे दूत घोड्यांवरून, नोकरचाकर घेऊन येतात आणि लोक ऐकत नाहीत, हे त्यानं पाहिलं होतं. तो पायी, अनवाणी हिंडायचा. त्याचा संघ १२१६ च्या डिसेंबरात मंजूर झाला आणि १२२० साली बोलोन्याच्या सभेत त्यांनीही मालमत्ता नाकारली. पण डॉमिनिककरांना गरिबी हे प्रवचनासाठी लागणारं हत्यार होतं, फ्रान्सिसला ती बायको होती. तो तिला खरोखरच ‘बाईसाहेब गरिबी’ म्हणायचा. हत्यार गरजेप्रमाणे घासून बदलता येतं, म्हणून डॉमिनिककरांची भांडणं थोडक्यात मिटली. माझ्या कामाची भांडणं दुसऱ्या घरात आहेत.

एक गोष्ट मात्र दोघांनाही लागू. हे सगळं घडलं ते शहरांत. नाणी खुळखुळणारी, नव्यानं फुगलेली शहरं. फ्लोरेन्सचं सोन्याचं फ्लोरिन १२५२ चं. जुने मठ रानात, डोंगरावर. हे नवे भिक्षेकरी वेशीजवळ राहायचे आणि चौकात बोलायचे, लोकांच्या बोलीत बोलायचे. ऐकणारे कोण, तर कापडवाले, सराफ, व्याजबट्टेवाले, ज्यांना रात्री झोप लागत नव्हती. पैशाला शिवणार नाही असं म्हणणारा माणूस पैशाच्याच गावात उपजतो. मुंबईत राहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

पैशाचं तर त्याला सोवळंच होतं. १२२३ साली पोपनं मंजूर केलेल्या नियमावलीत स्पष्ट आहे: बंधूंनी नाणं किंवा पैसा स्वतः घ्यायचा नाही, दुसऱ्यामार्फतही घ्यायचा नाही. त्या ‘दुसऱ्यामार्फत’वर मी पेन्सिलीनं रेघ मारली. बेनामीचा रस्ता ज्याला आधीच दिसला, तो दुकानदाराचाच मुलगा. एकदा पोर्झिउन्कोलात कुणा भाविकानं क्रूसाजवळ पैसे ठेवले आणि एका बंधूनं सहज उचलून ते खिडकीत ठेवले. फ्रान्सिसला कळलं. त्यानं त्या बंधूला ते नाणं दातांत धरून बाहेर न्यायला लावलं आणि गाढवाच्या लेंड्यांवर तोंडानंच ठेवायला लावलं. ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा आला, असं लिहिलंय. माझ्याही आला, पण त्यांच्यासारखा भक्तीनं नव्हे.

भीक मागणंही त्याला सोपं गेलं नव्हतं. पहिल्या दिवशी वाडगा घेऊन तो दारोदार फिरला. त्याच गल्ल्या, जिथं वर्षभरापूर्वी हा मित्रांना मेजवान्या देत होता. घराघरातलं शिळंपाकं, जे मिळेल ते एकात एक. खाली बसून वाडग्यात पाहिलं तर पोटात ढवळून आलं. नजर वळवून त्यानं पहिला घास घेतला. पुढे एकदा तो कार्डिनल उगोलिनोंच्या पंगतीला होता. पानं वाढायच्या आत गुपचूप बाहेर पडला, काळ्या पावाचे तुकडे मागून आणले आणि सरदार-धर्मगुरूंच्या पंगतीत प्रसादासारखे वाटत सुटला. यजमानांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण हे उगोलिनो लक्षात ठेवा, ते पुढे पोप होतात.

आता दोन घरांच्या दोन गोष्टी. माझ्या मते पुढच्या शंभर वर्षांचा सगळा खटला या दोन गोष्टींत आहे.

पहिली असिसीची. संघाची मोठी सभा भरायची होती. माणसं फार, निवारा नाही, म्हणून नगरवासीयांनी पोर्झिउन्कोलाजवळ घाईघाईनं दगडी घर बांधून दिलं. फ्रान्सिस बाहेरगावाहून परतला, घर पाहिलं, तडक छपरावर चढला आणि कौलं काढून खाली फेकायला लागला. सोबतच्यांनाही वर बोलावलं. खाली नगराचे शिलेदार होते, ते ओरडले, अहो, हे घर तुमचं नाही, नगराचं आहे! फ्रान्सिस थांबला. तुमचं असेल तर मी हात लावणार नाही, म्हणाला आणि उतरला.

दुसरी बोलोन्याची. प्रवासात त्याच्या कानावर आलं, की तिथं ‘बंधूंचं घर’ नवीन बांधलंय. ‘बंधूंचं’ या एका षष्ठीवरून तो उखडला. निरोप धाडला: सगळ्यांनी ताबडतोब बाहेर पडा. आजाऱ्यांनाही उचलून बाहेर आणलं. परत आत कधी गेले? कार्डिनल उगोलिनोंनी जाहीर प्रवचनात सांगितलं, की ते घर माझं आहे, तेव्हा. आणि ज्यानं हे लिहून ठेवलं तो शेवटी एक वाक्य टाकतो, की हे सांगणारा त्या दिवशी आजारी होता आणि त्यालाही बाहेर काढलं होतं. कसलीही तक्रार नाही. पण वाक्य त्यानं गाळलंही नाही.

बोलोन्यात मुलीच्या भाड्याच्या खोलीत हिला मी हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, “म्हणजे भिंत तीच, छप्पर तेच, राहणारे तेच. फक्त नाव दुसऱ्याचं झालं की चालतं?”

मी म्हटलं, “हो.”

“मग हे तुमच्याच धंद्यातलं झालं.”

अगदी तसंच झालं. फ्रान्सिसनं मरणाआधी मृत्युपत्र केलं, त्यात बजावलं, की माझ्या नियमाला भाष्यं चिकटवू नका, रोमकडून सवलतींचे कागद मागू नका. १२२६ च्या ३ ऑक्टोबरला संध्याकाळी तो गेला. १२२८ च्या १६ जुलैला तो संत जाहीर झाला आणि दुसऱ्याच दिवशी पोपनं असिसीत त्याच्या नावाच्या भव्य बासिलिकेची पायाभरणी केली. जमीन एका नागरिकानं बक्षीस दिली होती, पण संघाला नव्हे, पोपला. संघाचे बंधू एलियास यांनी ती पोपच्या वतीनं स्वीकारली. दस्त चोख. बांधकामाच्या वर्गणीसाठी एलियासनं संगमरवरी पात्र मांडलं, आणि फ्रान्सिसच्या जुन्या सोबत्यानं, बंधू लिओनं, ते फोडलं असं सांगतात. वर चढून गेल्यावर आम्ही ती बासिलिका पाहिली. एकावर एक दोन चर्च, भिंती चित्रांनी भरलेल्या. सुंदर आहे, त्यात वाद नाही. मला सारखी ती कौलं आठवत होती.

१२३० मध्ये संघाचे लोक पोपकडे गेले, की मृत्युपत्र आम्हाला बंधनकारक आहे का ते सांगा. पोप होते नववे ग्रेगरी, म्हणजे आपले उगोलिनो. त्यांनी २८ सप्टेंबरला फर्मान काढलं: मृत्युपत्र बंधनकारक नाही. मालकी संघाला नको, ठीक. पण वापर करता येईल. पैशाला बंधू शिवणार नाहीत. दात्याचा माणूस पैसे बाळगेल आणि गरजेप्रमाणे खर्च करेल. बोलोन्याच्या घराची तोड आता कायदा झाली. १२४५ मध्ये चौथ्या इनोसंटनी आणखी पुढचं पाऊल टाकलं: बंधूंना दिलेल्या ज्या वस्तूंची मालकी दात्यानं स्वतःकडे राखलेली नाही, त्या सगळ्या रोमच्या गादीच्या. १२७९ साली तिसऱ्या निकोलसनी त्याला नावही दिलं, ‘नुसता प्रत्यक्ष वापर’. मालकी नाही, कब्जेदारी नाही, वापराचा हक्कसुद्धा नाही. फक्त वापर. लीव्ह अँड लायसन्सवाला निदान कोर्टात तरी जाऊ शकतो; यांना तोही मार्ग नाही. देणाऱ्यानं काढून घेतलं तर उठायचं.

भोगवटादार हा शब्द आयुष्यभर लिहिला, पण इतका निखळ भोगवटादार मी पाहिला नव्हता. नाही, पाहिला होता. तिथंच मी वाचन थांबवलं होतं, सुमारे आठवडाभर.

वडील गेले तेव्हा वारसनोंदीत आईचं नाव आम्हा तिघा भावंडांबरोबर लागलं. त्या घरात तिनं त्रेपन्न वर्षं काढली होती, आणि तिचं नाव उताऱ्यावर पहिल्यांदा आलं ते वर्षभरासाठी. पुढे वाटणीच्या सोयीसाठी तिचं हक्कसोडपत्र करायचं ठरलं. मसुदा मीच केला. दुय्यम निबंधकांच्या कचेरीत, खिडकीपाशी, कॅमेऱ्याकडे बघत अंगठा टेकवायच्या आधी तिनं विचारलं, “यात काय लिहिलंयस?” मी म्हटलं, “तुझं काही जात नाही गं. राहायचं तिथंच, करायचं तेच.” ती म्हणाली, “मग बरं.” त्या मसुद्यात तिच्या हयातीपर्यंत राहण्याच्या हक्काचं कलम मी घातलं नव्हतं. परक्या अशिलाच्या आईसाठी ते मी हटकून घालतो. आपल्याच घरात कशाला, असं वाटलं. त्यानंतर फडताळातली साखर संपली तरी ती आधी सुनेला विचारायची, “आणू का?” मला वाटायचं, वयानं होतंय.

फ्रान्सिसनं सोडलं ते त्याचं होतं म्हणून. ज्याच्याकडे सोडायलाच काही नाही त्याचा त्याग कुणी लिहून ठेवत नाही. असिसीच्याच क्लारानं मात्र हे ओळखलं होतं असं मला वाटतं. सरदारघराण्यातली मुलगी, १२१२ च्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, रात्री घरातून पळून फ्रान्सिसकडे आली. बायकांना दारोदार हिंडायची मुभा नव्हती, मठातच राहायचं. आणि बंद दारामागच्या बायकांना मालमत्ता नको हे कुणाच्या पचनी पडेना. पोप ग्रेगरींनी तिला समजावलं, थोड्या जमिनी घे, शपथ आडवी येत असेल तर मी तुला तिच्यातून मोकळं करतो. ती म्हणाली, मला पापांतून मोकळं करा, ख्रिस्ताच्या मागं जाण्यातून नको. आपल्याला काही नको, हे तिनं कागदावर मागितलं, आणि चाळीस वर्षं मागत राहिली. तिची नियमावली मंजूर होऊन आली १२५३ च्या ९ ऑगस्टला. ती गेली ११ ऑगस्टला. कागदाचं महत्त्व तिला कळलं होतं. माझ्या आईला मी कळू दिलं नाही.

तर खटला पुढे. भिक्षेकऱ्यांवर टीका होतच होती. पॅरिसच्या विद्यापीठात १२५० च्या दशकात प्राध्यापक मंडळी चिडली: धडधाकट माणसं काम सोडून मागून खातात, वर आमची अध्यापनाची आसनंही पटकावतात. १२७४ च्या ल्योंच्या परिषदेनं भिक्षेकरी संघांचं पीक कापलं. फ्रान्सिसचा आणि डॉमिनिकचा ठेवला, कार्मेलाइट आणि ऑगस्टिनियन तूर्त राहू दिले, बाकी बहुतेक बंद केले. आणि फ्रान्सिसकरांच्या घरात दोन तट पडले. एक म्हणे, पोपनं दिलेली व्यवस्था पुरेशी आहे. दुसरा म्हणे, मालकी कुणाचीही असो, कोठारं भरलेली आहेत, अंगरखे लांब झालेत, हा वापर गरिबाचा नाही. १३१८ च्या ७ मे रोजी मार्सेयमध्ये या दुसऱ्या तटातल्या चौघांना जिवंत जाळलं. अंगरख्याची लांबी आणि कोठारातलं धान्य यांवरून सुरू झालेला वाद, आज्ञाभंगातून पाखंडापर्यंत नेलेला.

तेव्हा पोप होते बाविसावे जॉन, रोमऐवजी आव्हिन्यों शहरात बसणारे, कायदा शिकलेले. त्यांना ही सगळी व्यवस्था वाचून आला तो खास वकिली वैताग. १३२२ च्या डिसेंबरात त्यांनी फर्मान काढून रोमच्या गादीची ती मालकीच सोडून दिली. आम्हाला नको तुमच्या वस्तूंची नावं. त्यांचा युक्तिवाद मी दोनदा वाचला, कारण तो बिनतोड आहे. घराचा वापर आणि मालकी वेगळी काढता येते, मान्य. पण वापरताच संपून जाणाऱ्या वस्तूचं काय? एक अंडं, चीजचा तुकडा, पावाचं टवकं भिक्षेकऱ्याला दिलं, तर त्याची मालकी रोमची आणि वापर भिक्षेकऱ्याचा, असं शहाण्या माणसानं म्हणावं का? खाऊन संपलं, मग मालकी राहिली कशावर? आणि पुढे, हक्काशिवाय केलेला वापर न्याय्य ठरतच नाही. या दुसऱ्या वाक्यापाशी मला फडताळ आठवलं.

संघाकडून उत्तर दिलं बोनाग्रात्सिया या बंधूनं. तोही वकीलच. त्यानं घोडा आणला. घोडा ओट खातो. खातो की नाही? मग त्या ओटांचा वापर करणारा घोडाच. पण घोडा ओटांचा मालक आहे असं कोणता कायदा म्हणतो? तसे आम्ही.

मी मोठ्यानं हसलो. ही आतून आली, काय झालं म्हणून. सांगितल्यावर म्हणाली, “खातं कुणाच्या नावाचं आणि जुंपतं कोण, ते विचार त्या घोड्याला.”

जॉननी बोनाग्रात्सियाला वर्षभर कैदेत टाकलं. १३२३ च्या १२ नोव्हेंबरला जाहीर केलं, की ख्रिस्त आणि त्याच्या शिष्यांचं एकट्याचं किंवा मिळून काहीच नव्हतं, असं हट्टानं म्हणणं हे पाखंड. १३२८ च्या मे महिन्यात एका रात्री संघाचा प्रमुख मिकेले, बोनाग्रात्सिया आणि ऑकमचा तत्त्वज्ञ विल्यम आव्हिन्योंतून निसटले आणि पोपशी वैर असलेल्या बव्हेरियाच्या लुडविगच्या आश्रयाला गेले. विल्यमनं पुढे म्युनिकमध्ये बसून जॉनच्या युक्तिवादांचा ओळ न् ओळ समाचार घेतला. नव्वद दिवसांत लिहिलं असं म्हणतात. मालकी, हक्क, परवानगी, वापर, एकेका शब्दाचा कीस. ज्या लोकांना काहीच नको होतं, त्यांनी मालकीच्या कायद्यावर युरोपातला सगळ्यात बारीक विचार करून ठेवला. आणि १४९४ साली जमाखर्चाची दुहेरी नोंद छापून सगळ्या व्यापाऱ्यांच्या हाती दिली ती लुका पाचोली यानं, तोही फ्रान्सिसकरच.

या सगळ्यात आपलं ठाणे कुठून आलं? आलं. १३२१ साली फ्रान्सच्या नार्बोनमध्ये एका डॉमिनिककर न्यायाधीशापुढे ‘ख्रिस्ताकडे मालमत्ता होती का’ हा प्रश्न पेटला, आणि त्याच वर्षी एप्रिलात चीनकडे निघालेले चार फ्रान्सिसकर ठाण्यात मारले गेले. धर्मावरून काझीसमोर वाद झाला, असं वृत्तांत सांगतात. त्यांतला म्हातारा होता तोलेन्तिनोचा थॉमस. तरुणपणी गरिबीच्या प्रश्नावर हट्ट धरला म्हणून त्याच्याच संघानं त्याला इटलीत कोठडीत घातलं होतं. सुटल्यावर आर्मेनियाला पाठवलं, तिथून पूर्वेकडे. कडव्या माणसाला लांबची बदली द्यायची, ही रीत जुनीच. त्यांचा सोबती जोर्दानुस, डॉमिनिककर, त्या वेळी गावात नव्हता म्हणून वाचला. त्यानं त्यांना सोपाऱ्यात पुरलं. पुढे ओदोरिक नावाच्या फ्रान्सिसकरानं ती हाडं उकरून चीनपर्यंत नेली. लोकलनं नालासोपारा गेलं की आता मला हे आठवतं आणि उगीच खिडकीबाहेर बघतो.

दोनशे वर्षांनी हाच संघ पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आला तो गलबतांतून, राजाच्या आश्रयानं. जुन्या गोव्यात असिसीकर संत फ्रान्सिसचं चर्च आहे. सोन्याच्या वर्खानं मढवलेली वेदी, तिच्यावर क्रूसावरचा ख्रिस्त आणि शेजारी फ्रान्सिस, आणि त्यांच्या पायाशी तीन शपथा कोरलेल्या: गरिबी, नम्रता, आज्ञापालन. लागूनच्या मठात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. म्हणजे मालकी पुन्हा दुसऱ्याचीच.

असिसीला परत जायचं राहिलंय. गेलो तर वरच्या बासिलिकेत जाणार नाही. खालच्या सपाटीवर, पोर्झिउन्कोलापासून पाचपन्नास पावलांवर, जिथं फ्रान्सिसनं प्राण सोडला ती जागा आहे, तिथं थोडं बसायचंय. शेवट जवळ आल्यावर त्यानं स्वतःला कपडे काढून उघड्या जमिनीवर ठेवायला सांगितलं होतं. निघायचं ते काहीही आपलं नसताना, बिशपपुढं निघाला होता तसंच. सगळे रडत होते. त्याचा जो पालक बंधू होता त्याला नेमकं काय करायचं ते कळलं. त्यानं एक अंगरखा, दोरी, चोळणा आणि गोणपाटाची टोपी आणली आणि म्हणाला, हे मी तुला उसनं देतोय, आज्ञेनं घे. आणि यावर तुझी मालकी नाही हे तुला कळावं म्हणून, हे कुणालाही देऊन टाकायचा अधिकार मी तुझ्याकडून काढून घेतो.

ते शेवटचं कलम आवश्यकच होतं. अंगावरचे कपडे दिसेल त्या भिकाऱ्याला देऊन टाकायची त्याला जन्माची खोड. वर्ग दोनच्या जमिनीच्या उताऱ्यावर आम्ही हेच लिहितो, हस्तांतरणास मनाई. फ्रान्सिसला फार आनंद झाला, असं लिहिलंय. त्यानं ते कपडे घालून घेतले.